नंतर आठवण करून द्या

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ती चौकट उगवली की कानवाल्या ताई आधी चष्मा काढायच्या, डोळे चोळायच्या आणि मग 'नंतर आठवण करून द्या' या बटणावर टिचकी मारायच्या. चौकट मुकाट्याने निघून जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. हॉस्पिटलातली इतर माणसं सांगितलेलं विसरायची, ही चौकट मात्र एक दिवस विसरली नाही.

ताईंना खरं नाव होतं, पण हॉस्पिटलात त्यांना कोणी त्या नावाने हाक मारत नसे. कानाची तपासणी करायची, कानात बसवायचं मशीन निवडायचं आणि त्याचा आवाज त्या माणसाला बेताचा होईल असा कॉम्प्युटरवरून लावून द्यायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षं झाली. दिवसभर मोठ्याने आणि सावकाश बोलायचं, आणि घरी गेल्यावर नवऱ्याने साधं "जेवलीस का?" विचारलं तरी तोंड उघडायचं जिवावर यावं, असा सगळा प्रकार. अलीकडे तर त्या घरी मान हलवूनच संसार करत होत्या.

आता त्या चौकटीचं प्रकरण. हॉस्पिटलने नव्या कंपनीची मशिनं आणली होती. ती लावायला नवं सॉफ्टवेअर हवं, आणि नवं सॉफ्टवेअर म्हणे कॉम्प्युटरची अख्खी सिस्टीम नवी केल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. बरं, सिस्टीम नवी केली की जुन्या मशिनांचं सॉफ्टवेअर कायमचं बंद. ती जुनी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे दाद मागायलाही कोणी उरलं नव्हतं. दुसरा कॉम्प्युटर द्या म्हणून ताईंनी अर्ज केला, तर त्यांचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत घातलं गेलं. म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर जुनं तरी राहणार, नाहीतर नवं तरी येणार.

संगणक विभागातला एक भला माणूस दर शुक्रवारी फोन करून विचारायचा, "ताई, अपडेट घेतलं का?" ताईंनी त्याचं नावच 'शुक्रवार' ठेवलं होतं. दर शुक्रवारी त्या सांगायच्या, "माझे काही जुने पेशंट आहेत हो. त्यांची मशिनं मग कोण लावून देणार?" आणि तो बिचारा म्हणायचा, "बरं, पुढच्या आठवड्यात बघू." असे सात शुक्रवार गेले.

काही जुने पेशंट. एके काळी असे चाळीस होते, त्यात खोटं काही नाही. पण एकेक करून सगळे दुसऱ्या कंपन्यांच्या मशिनांवर गेले, दोघं देवाघरी गेले, आणि आता उरला होता फक्त एक. 'काही' या शब्दाआड एकटाच माणूस लपवता येतो, हे ताईंना पन्नाशीला आल्यावर कळलं. आणि तो एक म्हणजे त्यांचे वडील.

बाबा एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर होते. कान तिथेच गेले. ताईंनी त्यांना तीनदा दुसऱ्या कंपन्यांची मशिनं लावून दिली आणि तीनदा त्यांनी ती चार दिवसांत परत आणली. "पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं वाटतं," म्हणाले, "माझं जुनंच बरं." म्हातारा माणूस एकदा नाही म्हणाला की नाही. मग महिन्यातून एकदा ते जुनी मशिनं घेऊन यायचे, ताईंच्या समोरच्या खुर्चीत बसायचे. ताई आवाज किंचित इकडेतिकडे करायच्या आणि विचारायच्या, "आता?"

"आता फस्क्लास," बाबा म्हणायचे.

दुसऱ्या बाजूला एक अकरा महिन्यांची मुलगी होती. तिची नवी मशिनं, वाटाण्याएवढी, ताईंच्या खणात डबीत पडून होती. सिस्टीम नवी झाली तरच ती लावता येणार. तिच्या आईला पहिल्या दिवशी ताईंनीच सांगितलं होतं, "या वयात एकेक आठवडा मोलाचा असतो. आता उशीर करायचा नाही." ती बाई दर सोमवारी फोन करायची, आवाज अगदी खाली ठेवून, जणू काही उसनं मागतेय. ताई सांगायच्या, "अजून सिस्टीमचं काम चाललंय." फोन ठेवला की त्यांना स्वतःचा राग यायचा आणि मग त्या रागाचाही कंटाळा यायचा.

आठव्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी शुक्रवार स्वतः खाली आला. गुरुवारी त्याला बघून ताईंना चुकल्यासारखंच झालं.

"ताई, आता माझ्या हातात नाही राहिलं," तो म्हणाला. "उद्या हो किंवा नाही, काहीतरी एक लागेल. नाही म्हणायचं असेल तर हा सवलतीचा फॉर्म आहे. मोठ्या डॉक्टरांची सही घ्या, एक वर्ष कोणी हात लावणार नाही."

"आणि नवी मशिनं?"

"त्या पेशंटना दुसरीकडे पाठवायचं. तिकडे चार महिन्यांची रांग आहे म्हणतात. तुम्ही ठरवा. फक्त फॉर्मला जुन्या पेशंटचा ताजा रिपोर्ट जोडावा लागतो. जुन्या मशीनने खरंच फायदा होतो, असा."

ताईंनी फॉर्म घेतला आणि बाबांना बोलावून आणायला नवऱ्याला मेसेज केला. ठरवायचं काय ते त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. बाळाला पुढे सगळं आयुष्य पडलंय, बाबांचं किती उरलंय, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर नाही हे त्यांना कळत होतं. कळतं पण वळत नाही, त्यातली गत. थकलेल्या माणसाला सगळ्यांत जवळचं जे असतं तेच दिसतं.

बाबा दुपारी आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आवाजबंद खोलीत बसायचंय म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला.

"ते कशाला? नेहमीसारखं समोर बसून कर ना."

"कागद लागतोय, बाबा. दहा मिनिटांचं काम."

ती आवाजबंद खोली म्हणजे जाड दाराचं एक कपाटच. आत खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. पेशंटच्या हातात एक बटण द्यायचं, बारीक आवाज ऐकू आला की त्याने ते दाबायचं, आणि बाहेर ताईंच्या समोर हिरवा दिवा लागायचा. बाबांना ताईंनी या खोलीत शेवटचं कधी बसवलं होतं? त्यांना आठवेना. दोन वर्षं तरी झाली असतील. घरचाच माणूस, त्याला कसली परीक्षा.

त्यांनी आवाज सोडला. हिरवा दिवा लागला. दुसरा सोडला. जरा उशिरा, पण लागला. तिसरा लागला. ताईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि कागदावर खुणा करायला घेतल्या. तेवढ्यात फोन वाजला. फॉर्म चारच्या आत वर पाठवा, असं डॉक्टरांच्या ऑफिसातून सांगत होते. ताई "हो, हो" म्हणत होत्या आणि त्यांची नजर समोर होती.

हिरवा दिवा लागला.

त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा लागला. मग पुन्हा. ताईंनी फोन ठेवला आणि घड्याळाकडे बघत मोजलं. दर सात सेकंदांनी एकदा, अगदी नेमाने. बॉयलरच्या काट्यावर एकतीस वर्षं नजर ठेवलेल्या माणसाला ठरावीक वेळाने काहीतरी करत राहणं कोणी शिकवायला नको.

त्या उठल्या, जाड दार उघडून बाबांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. "बाबा," त्या हळूच म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. मग ज्या आवाजात त्या अगदी बहिऱ्या माणसांशी बोलतात, त्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, झालं, चला बाहेर."

बाबांनी भिंतीकडे बघत बटण दाबलं.

नवीन मुली हाताखाली शिकायला आल्या की ताई पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायच्या. पेशंटला समोर बसवून 'ऐकू येतंय का' असं कधी विचारायचं नाही, तो ओठ वाचतो. आणि कारखान्यातला माणूस असेल तर दुप्पट सावध राहायचं. त्या गदारोळात तोंडाने बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. हे सगळं त्या पाठ म्हटल्यासारखं सांगायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन वर्षं दर महिन्याला त्यांनी बॉयलरवरच्या माणसाला समोर बसवून विचारलं होतं, "आता?"

त्या फिरून पुढे आल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या.

"कधीपासून?"

बाबांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही कधीपासून?"

बाबांनी बटण मांडीवर ठेवलं. कानातली मशिनं काढली आणि तळहातावर घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "उजव्याला दोन वर्षं झाली. डाव्यात काहीतरी गुरगुरतं अजून. शब्द नाही कळत."

"आणि मला सांगितलं नाहीत? ताकास तूर लागू दिली नाहीत?"

"तू किती भांडत होतीस. डॉक्टरांशी, त्या कॉम्प्युटरवाल्याशी. जावईबापू सांगायचे मला. ही माझ्यापायी भांडतेय, आणि मी कोणत्या तोंडाने सांगू की त्याचा उपयोग नाही?"

बाबांनी मशिनं खिशात टाकली, पुन्हा बाहेर काढली.

"आणि खरं सांगू का," ते खाली बघून म्हणाले, "घरी येतेस तेव्हा तुझा एक पाय दारात असतो. स्वयंपाकघरातून बोलतेस, पाठ करून बोलतेस. मला काही कळत नाही, मी आपला मान हलवतो. इथे तू समोर बसतेस. माझ्याकडे बघून बोलतेस, सावकाश. महिन्यातून एक अर्धा तास मला सगळं कळतं."

ताईंना राग आला. मग तो कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून तो तसाच आत राहिला आणि त्याची लाज झाली. सात आठवडे. वडिलांसाठी आपण जगाशी भांडतोय असं त्यांना वाटत होतं, आणि त्यातल्या एकाही दिवसाचा वडिलांना उपयोग नव्हता. तिकडे ती मुलगी मात्र ते सात आठवडे आवाजाशिवाय वाढली होती. बाबांना काही सांगायला हवं होतं, पण आधी एक फोन करायचा होता.

त्या बाहेर आल्या. फॉर्म फाडला, कचऱ्यात टाकला आणि मुलीच्या आईला फोन लावला. "उद्या सकाळी नऊला या. तिची मशिनं लावू."

ती बाई म्हणाली, "झालं का सिस्टीमचं काम? फार आभारी आहे, ताई. फार."

"आभार नका मानू," ताई म्हणाल्या. "उशीर माझ्यामुळे झाला."

"अहो, असं काय म्हणता? तुम्ही काय मुद्दाम केलंत का?"

"नऊला या," एवढंच पुन्हा म्हणून ताईंनी फोन ठेवला.

कोपऱ्यात चौकट होतीच. दोन बटणं होती आणि आजवर ताईंनी त्यातलं एकच वापरलं होतं. त्यांनी दुसरं दाबलं. पडदा काळा झाला, मग त्यावर एक पांढरी रेघ आली आणि मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. एवढ्या उठाठेवीनंतर काहीतरी मोठं घडेल असं वाटत होतं, पण कॉम्प्युटर फक्त जरा घुरघुरला. आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटलंही नाही. त्या फार दमल्या होत्या.

बाबा दारात येऊन उभे होते. त्या रेघेकडे बघत त्यांनी विचारलं, "किती वेळ लागणार याला?"

ताई त्यांच्याकडे वळल्या. "चाळीस मिनिटं."

"तोवर तुला दुसरं काम करता येणार नाही?"

"नाही."

"मग बस ना जरा," बाबा म्हणाले, आणि नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले.

ताईंनी आपली खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बेताने खिडकीकडे तोंड करून त्या बसल्या. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना. मग त्यांनी बाबांच्या डोळ्यांकडे बघत, एकेक शब्द सुटा करून सांगायला घेतलं, की एक मुलगी आहे, अकरा महिन्यांची.