सिस्टर नाबुकेरांना विचारलं

"तुम्हाला काय वाटतं, सिस्टर? आपण दोघं मिळून ठरवू या," डॉक्टर मुकालाझी म्हणाला आणि पेशंटच्या खाटेवर बसलेल्या सिस्टर नाबुकेरांना वाटलं, आपलं काही खरं नाही.

मसाका गावच्या या इस्पितळात नर्स म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. डॉक्टरनं सांगायचं, सिस्टरनं करायचं, पेशंटनं गप पडून राहायचं. डॉक्टर पेशंटची इच्छा विचारतो ती सगळं हातातून गेल्यावर. काय खावंसं वाटतंय? घरी जायचंय का? खरी बातमी बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांना सांगतात. असे कितीतरी नातेवाईक सिस्टरनी स्वतः हाताला धरून बाहेर नेले होते.

"कॅन्सरची गाठ लहान आहे," मुकालाझी सांगत होता. "पूर्ण स्तन काढता येईल. नाहीतर नुसती गाठ काढायची आणि मग काही आठवडे कंपालाला राहून किरणांचे उपचार घ्यायचे. आयुष्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच."

"सारखंच आहे तर मला कशाला विचारतोस? तुला ठरवता येत नाही?" सिस्टरनी कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या बाईंकडे पाहिलं. "आणि ह्या कोण?"

"कंपालाहून आल्यात. पेशंटबरोबर बसून निर्णय कसा घ्यायचा, ते आम्हा डॉक्टरांना शिकवतात."

"म्हणजे माझ्या जिवावर परीक्षा चाललीय तुझी!"

"शिकतोय खरा," तो ओशाळला. "पण तुम्हाला काय सोसवेल, ते तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

फारच गोड बोलतोय मेला. नक्की काहीतरी लपवतोय.

"माझ्या लेकीला आत बोलव."

तेओपिस्ता मटोकेचा, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा डबा घेऊन व्हरांड्यातून आत आली. सिस्टरनी आधी तिचे डोळे निरखले. रडलेले दिसत नव्हते.

"यानं बाहेर काय सांगितलं तुला? खरं बोल."

"कुठे काय सांगतोय गं तो! सारखं आपलं, आईला विचारा, आईला विचारा." तेओपिस्ता वैतागली होती. "मी म्हटलं, तिला काय विचारायचंय? टाका काढून. या वयात काय करायचंय ते ठेवून?"

सिस्टरना नर्सिंगला कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी घातलं, लग्न वडिलांनी ठरवलं, नवरा गेल्यावर घराचं काय करायचं ते दिरांनी ठरवलं. आईला विचारा, असं कुणी म्हटल्याचं त्यांना आठवेना. त्यांना एकदम रडू आलं आणि त्याचा रागही आला.

"नुसती गाठ काढली तर पुढे काय होऊ शकतं? वाईटातलं वाईट सांग," त्या डॉक्टरला म्हणाल्या.

"तिथेच पुन्हा गाठ येण्याची भीती थोडी जास्त असते. आली, तर मग पूर्ण काढावा लागेल."

हे त्यानं खाली न बघता, लेकीसमोर, त्यांनाच सांगितलं. सिस्टरचा जीव प्रथमच जरा थाऱ्यावर आला.

"मग गाठच काढ."

"आई! अगं, कंपालाला कोण राहणार तुझ्याजवळ? आणि कशासाठी एवढं?"

सिस्टरनी गाउनचं वरचं बटण लावलं.

"माझं आहे," त्या म्हणाल्या. "मला हवंय ते."