लोखंडी पाखराचं रक्त

टप्.

दिघोरीच्या कापणी झालेल्या धानाच्या बांधीत हेलिकॉप्टर उभं होतं आणि त्याच्या पोटातून लाल थेंब गळत होते. भोवतीच्या धुऱ्यांवर, बांधांवर सारं गाव दाटलेलं. थेंबाखाली पितळी वाटी धरून खप्परगिरी महाराज.

"माह्या मठावरून उडत होतं! मंत्र मारला, पाडलं खाली! हे त्याचं रक्त. एक थेंब डोळ्यात टाका, आंधळ्याले दिसन!"

"जय हो!" सरपंच भय्याजी ओरडले.

(मंत्र आभाळात अचूक लागला. मठाचं गळकं छप्पर मात्र तीन पावसाळे मंत्राला दाद देत नव्हतं.)

रांगेत पुढे धुरपता. कडेवर चार वर्षांची रुखमा. डोळे आलेले, पापण्या चिकटलेल्या. पाच दिवस लेकरू धड झोपलं नव्हतं. महाराजांनी मळका अंगठा वाटीत बुडवला.

"आन पोरीले."

टप्.

थेंब धुरपताच्या मनगटावर पडला. तिने चोळून पाहिला. बुळबुळीत. विळ्याने बोट कापलं की रक्त घटकाभरात गोठतं, काळं पडतं. हे सकाळपासून वाटीत होतं, तरी तसंच लालभडक, पातळ. मोहाच्या बियांचं, टोऱ्यांचं तेल काढताना हाताला लागतं, तसं.

तिने जवळच्या पाण्याच्या गडव्यात बोट झटकलं. थेंब वर तरंगला.

"हे तं तेल हाय, बाप्पा!"

"चूप! शंका घेशील तं पोरगी आंधळी होईन!"

धुरपताने रुखमाचं तोंड पदराखाली घेतलं.

"मंग पहिले तुमच्या डोळ्यात टाका, महाराज."

"माहे डोळे सिद्ध आहेत!"

"सिद्ध डोळ्यांले काय होते? टाका नं."

कोणीतरी फिसकन हसलं. सिद्ध डोळे घट्ट मिटले.

तेवढ्यात हेलिकॉप्टर दुरुस्त करायला आलेला मिस्त्री त्याच्या खालून सरपटत बाहेर आला. हातात फाटकी नळी.

"बाई बरोबर बोलल्या. ह्या नळीत दाबाखाली तेल असतं. त्याच्या जोरावर पायलट वरची पाती हलक्या हाताने वळवतो. नळीचा पट्टा सैल झाला, थरथरीने नळी पत्र्यावर घासून फाटली. तेल गेलं, दाब गेला, पायलटच्या हातातला दांडा दगडासारखा जड झाला. पायलटने दोन्ही हातांनी जोर लावून खाली उतरवलं. कोणी पाडलं नाही. आणि हे डोळ्यात घालू नका, सुजलेला डोळा आणखी जळेल."

"पट्टा मीच सैल केला!" महाराज गरजले. "मंत्रानं!"

मिस्त्रीने नळी पुढे केली. "मग मंत्रानेच आवळा. पाना मी ठेवून घेतो."

बांधीभर हसू फुटलं. महाराज वाटी टाकून मठाकडे निघाले. मंत्राने नव्हे, पायांनी. भरभर.

"पन मंग लाल काहून?" भय्याजींनी विचारलं. आवाज बराच उतरला होता.

"रंग मुद्दाम घालतात, सरपंच. गळती लगेच दिसावी म्हणून."

धुरपताने मनगट मातीने खसखसून घासलं आणि रुखमाला घेऊन लाखांदूरच्या दवाखान्याची वाट धरली. गावाने तिच्याकडून आणि मिस्त्रीकडून एवढं जरी घेतलं तरी पुरे. लाल दिसलं की कपाळाला लावायचं नाही. वाकायचं, खाली शिरायचं आणि नळी कुठे फाटली ते पाहायचं.