कंदाहारची टोपी

बोळिंजच्या माहेराहून प्रेमलता तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन वसईच्या माणिकपूरला सासरी आली. सासूबाईंनी, मथुराबाईंनी, पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग विड्याच्या पानांच्या करंडीतून तीन पोस्टकार्डं काढून तिच्या हातात दिली.

"विठ्ठलची. जपून ठेवलीत."

"मग बोळिंजला का नाही पाठवलीत, आई?"

"बाळंतिणीनं अक्षरं वाचली की डोळे जातात. तू तर पत्रसुद्धा लिहिलंस त्याला! पोस्टमनने त्याचं कार्ड वाचून दाखवलं, तेव्हा कळलं आम्हाला."

बी.ए. झालेली प्रेमलता कार्डांवरच्या तारखा शोधू लागली.

विठ्ठल मुंबईच्या एका साहेबाची जीप चालवत दिवाळीनंतर निघाला होता. अफगाणिस्तान, इराण करत इस्तंबूल गाठायचं आणि आल्या रस्त्यानेच परत फिरायचं. जाताना त्याने एकच पत्ता दिला होता, साहेबाच्या तेहरानमधल्या मित्राचा. मुलगी झाली हे तिने माहेरी आईची नजर चुकवून त्याच पत्त्यावर कळवलं होतं.

कार्डांवर तारखा नव्हत्या. शिक्के पुसट, त्यावरची अक्षरंही परकी.

"यातलं शेवटचं कुठलं आलं?"

"वरचं. आलं तसं वर ठेवत गेले मी."

तिने खालून वाचायला घेतलं. तळाशी कंदाहार: "पोरीच्या डोक्यावर एकही केस नाही म्हणतेस, म्हणून लोकरीची टोपी घेतली." मधलं हेरात: "रस्ता बरा आहे, थंडी फार." सगळ्यात वर तेहरान: "तुझं पत्र मिळालं. इथे ड्रायव्हरला चांगली नोकरी आहे. साहेब म्हणतात, राहायचं तर राहा. काय करू?"

तिला काहीच उमजेना. शाळेचा जुना नकाशा तिने जमिनीवर पसरला. पत्र मिळालं तेहरानला. म्हणजे केसांचं कळलं ते तिथे. मग टोपी कंदाहारला घेतली, म्हणजे माणूस घराकडे निघाला होता. मग पुन्हा हेरात? पुन्हा तेहरान? अर्ध्या वाटेवर येऊन मागे फिरला? नोकरीसाठी? की साहेबाशी भांडण झालं? की पोरगी झाली म्हणून? छे, मग टोपी कशाला घेईल? पण आलेलाच रस्ता माणूस पुन्हा कशाला तुडवेल?

दोन दिवस ती मधूनच उठून पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास पाही आणि पुन्हा नकाशाशी जाऊन बसे.

"पोरीकडे बघ, त्या कागदात काय ठेवलंय?" मथुराबाई म्हणाल्या.

"तो परत गेलाय, आई."

"कुठे?"

"तेच तर कळत नाही!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाई नेहमीसारख्या करंडी घेऊन बसल्या. पानं कुजू नयेत म्हणून रोज उलटायची, खालची वर, वरची खाली. हात आपोआप चालत होते. पानं झाली, आणि त्याच हातांनी प्रेमलताने आदल्या रात्री करंडीच्या कडेला परत ठेवलेली कार्डंही उलटली. तळाचं कंदाहार वर आलं.

प्रेमलता पोरीला पाजता पाजता थबकली.

"आई, कार्डंही उलटता?"

"ओल धरतात ना. तीसुद्धा पानंच."

"रोज?"

"रोज. का गं?"

म्हणजे या गठ्ठ्यात पहिलं-शेवटचं काही उरलंच नव्हतं. तिने एका हाताने कार्डं ओढून पाटावर मांडली. तेहरान, पत्र मिळालं. मग हेरात. मग कंदाहार, टोपी. माणूस कुठेही मागे फिरला नव्हता. तो सरळ घराकडे येत होता. नोकरीच्या प्रश्नाला तिने उत्तर दिलंच नव्हतं, आणि तरीही त्याने ते शोधलं होतं.

की अजून काही चुकतंय? तिने पुन्हा नकाशावर बोट ठेवलं. कंदाहारपासून वसईपर्यंत ते बोट कितीतरी वेळ सरकत राहिलं.

"रडतेस कशाला? काय झालं?"

"टोपी येतेय, आई."

मथुराबाईंनी पोरीच्या घामाने चिकट झालेल्या टकलावरून हात फिरवला. "होळी होऊन गेली, आणि लोकरीची? माझाच मुलगा, दुसरं काय!"