गुरुजी निकाल सांगायला आले

यमुना भोये सातवीत होती तेव्हाची ही गोष्ट. साल सत्त्याण्णव. सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात तिचा पाडा. पाड्यावरची शाळा सातवीपर्यंतच होती. त्यापुढं शिकायचं तर तालुक्याला जावं लागे, आणि पोरीला तालुक्याला ठेवायचं हे तिच्या बापाला, मंगळूला, काही पटत नव्हतं.

शाळेत आहेर गुरुजी होते. मूळचे देवळ्याचे. बायकोसह पाड्याजवळच्या गावात खोली घेऊन राहायचे. त्यांनी कुठूनशी माहिती काढली, की नाशिकची एक संस्था खेड्यातल्या सातवीच्या मुलांची परीक्षा घेते. निवड झाली तर दहावीपर्यंत नाशिकला शाळा, वसतिगृह, पुस्तकं, सगळं संस्थेकडं. जागा मोजक्याच. शेवटच्या जागेवर जो बसेल त्याचे मार्क म्हणजे त्या वर्षीचा कटऑफ. हा शब्द पाड्यावर पहिल्यांदाच आला. यमुनाची आई धोंडाबाई त्याला ‘कटाप’ म्हणायची आणि तो एखादा कडक साहेब असावा अशा आदरानं त्याची चौकशी करायची.

डिसेंबरात गुरुजी यमुनाला एस.टी.नं नाशिकला घेऊन गेले. एवढी मोठी शाळा तिनं कधी पाहिली नव्हती. प्रत्येक बाकावर नंबर चिकटवलेला, आणि आजूबाजूची मुलं कंपासपेट्या उघडून बसलेली. पेपर अवघड होता. आरशात दिसणाऱ्या घड्याळाचा प्रश्न तिला आला, पण पाण्याच्या दोन नळांच्या गणितावर ती फार वेळ अडून राहिली आणि शेवटचे काही प्रश्न घाईत सोडवले. बाहेर आल्यावर गुरुजींनी पेपर कसा गेला असं विचारलंच नाही. भूक लागली का, एवढंच विचारलं, आणि स्टँडजवळ तिला मिसळ खाऊ घातली. तिखटानं तिच्या डोळ्यांना पाणी आलं तशी त्यांनी तिच्यासाठी आणखी एक पाव मागवला.

पाड्याच्या वाटेला लागल्यावर ते म्हणाले, “निकाल फेब्रुवारीत लागंल. तेव्हा तू कुठंही अस. काहीही लागू दे, मी स्वतः येऊन सांगीन.”

मंगळूनं आपलं आधीच ठरवून टाकलं होतं. नाशिकवाल्यांनी नेली तर जाऊ द्यायची, नाही तर सातवी बास. नवं वर्ष लागलं तसं घराला कडी घालून, धाकट्या पोराला कडेवर घेऊन ते तिघं वणीच्या अलीकडच्या एका द्राक्षबागेत कामाला आले. दरवर्षी यायचेच. फरक एवढाच, की यंदा यमुनाही शाळा सोडून आली होती. वार्षिक परीक्षेला तरी तिला पाठवा, असं गुरुजी सांगून गेले होते. मंगळूनं त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

बागेत खुडा चालू झाला होता. घड देठाला धरून कात्रीनं अलगद कापायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, क्रेटमध्ये निजवल्यासारखा ठेवायचा. यमुनाचा हात लवकर बसला. पण हात काम करत आणि डोकं परीक्षेत असे. कुठले प्रश्न नक्की बरोबर, कुठले अंदाजानं, याची ती मनात जुळणी करायची. कधी बेरीज भरभक्कम यायची, तर कधी दुपारपर्यंत त्यातले निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटायचे. बांधापलीकडच्या रस्त्यावर एस.टी. थांबली की ती वेलीखालून वाकून पाहायची.

बागेच्या मालकीणबाई लताबाई. त्या चहा घेऊन यायच्या तेव्हा बायकांशी दोन शब्द बोलत बसायच्या. त्यांच्या घरी पेपर येई. यमुनानं भीतभीत त्यांना परीक्षेचं सांगून ठेवलं होतं. एके दिवशी त्या चहाच्या किटलीबरोबर पेपरही घेऊन आल्या. छोटीशी बातमी होती. संस्थेच्या परीक्षेचा निकाल जाहीर, कटऑफ शहात्तर, विद्यार्थ्यांचे गुण त्यांच्या शाळांना कळवले आहेत. नावं नव्हती.

“आता तुझ्या गुरुजींकडं आलाच असंल निकाल,” लताबाई म्हणाल्या. “येतील ते.”

पण गुरुजी आले नाहीत. आठवडा गेला. रविवारी यमुनानं आंघोळ करून धुतलेला फ्रॉक घातला आणि दिवसभर रस्त्याकडं पाहिलं. कुणी आलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी धोंडाबाई हळूच म्हणाली, की पास झाली असती तर गुरुजी पळत आले असते. दुसऱ्या दिवशी मंगळूनं मुकादमाला यमुनाचं नाव पुढच्या बागेसाठीही सांगितलं. ते तिनं ऐकलं. त्यानंतर एस.टी. थांबली तरी ती वाकून पाहीनाशी झाली.

पुढच्या रविवारी दुपारी बायका सावलीला भाकरी खात बसल्या होत्या. बांधावरून एक माणूस चालत आला. पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला, एका चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून ती हातात घेतलेली. धोंडाबाईनं आधी ओळखलं.

“अगो यमुने, गुरुजी आले.”

एकदम गडबड उडाली. धोंडाबाईला रडू यायला लागलं. कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी गोणपाट अंथरलं. लताबाई घरातून लगबगीनं आल्या. एवढ्या लांब माणूस आला म्हणजे बातमी चांगलीच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. यमुनाही उभी राहिली. तिच्या हातातला घास तसाच होता.

गुरुजी गोणपाटावर बसले नाहीत. तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

“यमुना, नाय झालं बाळा. चौऱ्याहत्तर पडले. दोन मार्क कमी.”

धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला तो तसाच राहिला. यमुनाला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. चौऱ्याहत्तर. तो आकडा तिनं मनात एकदा म्हणून पाहिला. एवढे मार्क आपल्याला पडले, हे तिला नवलाचं वाटत होतं.

मंगळू पुढं झाला. “मंग गुरुजी, एवढं सांगायला आलात?”

“तिला शब्द दिला होता,” गुरुजी म्हणाले. मग हातातली चप्पल खाली ठेवून म्हणाले, “खरं सांगायचं तर मागच्या रविवारीच आलो होतो. वणीपर्यंत. पण हिच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाय. तिथूनच परत गेलो. आठ दिवस वर्गात मन लागलं नाय माझं.”

मग ते बसले. लताबाईंनी त्यांना जेवायचा आग्रह केला, पण त्यांनी धोंडाबाईच्या टोपलीतली नागलीची भाकर आणि ठेचा घेतला. खाता खाता त्यांनी यमुनाला पेपरातलं एकेक विचारलं. नळाचं गणित कसं केलं तेही विचारलं, आणि काडीनं मातीत रेघा ओढून ते समजावून सांगितलं. आता ते समजून उपयोग काय, असं तिला वाटलं नाही. तिला ते कळलं आणि बरं वाटलं. मंगळू थोड्या अंतरावर उकिडवा बसून हे सगळं पाहत होता.

ऊन कलल्यावर गुरुजी निघाले. पोरीला पाठवा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मंगळूनं त्यांची चप्पल मागून घेतली, क्रेट बांधायच्या सुतळीनं अंगठा बांधून दिला आणि त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला.

परत आला तेव्हा दिवस मावळत होता. धोंडाबाई तवा ठेवत होती. तो चुलीशी बसला आणि त्यानं लाकडं आत सारली.

“पोरगी पास झाली असती तं कुणीही आलं असतं,” तो बायकोला म्हणाला. “नापास झाली म्हून सांगायला कोण येतंय एवढं? दोनदा आला तो माणूस. आपली पोर काय तरी हाय.”

मग यमुनाकडं न बघताच म्हणाला, “सकाळच्या गाडीनं जा तू. आम्ही येईस्तोवर गुरुजींच्या घरी राहा. मी बोललोय.”

गुरुजींच्या बायकोनं तिला वार्षिक परीक्षा होईपर्यंत स्वतःच्या मुलीसारखी ठेवली. नाशिकची शिष्यवृत्ती तिला कधीच मिळाली नाही. सुरगाण्याच्या सरकारी वसतिगृहात राहून तिनं दहावी केली, पुढं बारावी, मग नर्सिंग. आता ती दिंडोरीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे.

दोन हजार सातच्या दिवाळीत ती देवळ्याला गेली. गुरुजी निवृत्त होऊन गावी राहत होते. अंगणात कांद्याच्या रोपांसाठी आणलेलं बियाणं निवडत बसले होते. तिनं आईनं दिलेली नागली त्यांच्या बायकोच्या हातात दिली आणि त्यांच्या पाया पडली. इतक्या वर्षांत जे म्हणायचं राहून गेलं होतं ते म्हणाली, की तुम्ही त्या दिवशी आला नसता तर मी आजही खुडा करत असते.

गुरुजींनी मान हलवली. “माझं कसलं. मी निकाल सांगून निघालो होतो. तुझ्या बापानं फाट्यावर विचारलं मला, ‘गुरुजी, दोन मार्क म्हंजे किती?’ मी म्हटलं, एक प्रश्न. गाडी आली, मी चढलो, तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाला, ‘एका प्रश्नासाठी पोरीला घरी नाय बसवायची. उद्या धाडतो, आम्ही येईस्तोवर तुमच्या घरी ठेवा.’ ”

यमुनाला हे माहीतच नव्हतं. बापानं कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीचा शेवटचा दिवस तिनं पाड्यावर घालवला. मंगळू ओट्यावर दोर वळत बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि फाट्यावरचं ते बोलणं त्याला विचारलं. त्यानं आठवून पाहिल्यासारखं केलं.

“आसंल बोललो,” तो म्हणाला. “लय वर्सं झाली. तू जेवली का?”

ती नाही म्हणाली. मग त्यानं दोर बाजूला ठेवला आणि दोघं आत जेवायला गेले.