कोरा गाल

"फक्त डावा, मुक्ताबाई. उजव्याला चुकून बोट लागलं तरी सगळं वाया."

पारसशेठनी आईच्या हातात पांढरी डबी दिली. कुपवाडला शेठचा क्रीमचा कारखाना. आई पॅकिंगला, मी मिक्सरवर. शेठनी परदेशातून पेप्टाइडची पावडर मागवलेली. इवलीशी बाटली, फ्रीजमध्ये. क्रीम कोमट झालं की मगच टाकायची, गरमात टाकली की मेली.

"काय करतीया रं ती?" आईनं विचारलं.

"कातडीला गंज धरू देत न्हाई," मी म्हटलं.

"मग माजी तर भंगारातच घालाय पायजे."

तिला निवडलं ते सुरकुत्यांसाठीच. जन्म वडूजच्या रानात खुरपण्यात गेलेला. एका गालाला क्रीम, दुसरा कोरा, शेवटी मुंबईच्या कंपनीला फोटो. उन्हात अजिबात जायचं नाही. फोटो चांगला आला तर शेठ तिला कायम करणार होते. म्हणून आख्खा उन्हाळा ती आज्जीला भेटायला वडूजला गेली नाही. आज्जीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती बोलवत राहिली. आई "फोटू झाला की येते" म्हणून निरोप धाडत राहिली.

गाल खरंच बदलला. लोण्यासारखा. पॅकिंगच्या बायका चिडवायच्या, "मुक्ताक्का, ह्या बाजूनं परत लगीन लावून दिऊ का?"

फोटोच्या आदल्या दिवशी मामाचा फोन आला, आज्जीचं काही खरं नाही म्हणून. मी एम-एटी गाडी काढली, आईला मागं बसवलं. वाटभर आईनं पदर डाव्या गालावर घट्ट धरलेला. सवयीनं.

आज्जी खाटेवर, नुसती हाडं, उशाला नर्सनं लावलेली सलाइन. आई शेजारी टेकली. आज्जीनं हात वर केला, डाव्या गालावरनं फिरवला, आणि काढून घेतला.

"नर्सबाई, माजी मुक्ता आली का वो?"

"आये, मीच हाय की."

"न्हाई. तिचं त्वांड ठावं हाय मला."

आई उठली. खाटेच्या पलीकडं गेली, वाकली, उजवा गाल त्या हाताखाली नेला. बोटं सुरकुत्यांवरनं फिरली. थांबली.

"आलीस व्हय. लय उशीर केलास गं."

त्यानंतर आज्जी बोलली नाही. दुपारी गेली. बुद्धवंदना वगैरे सगळं झालं आणि आम्ही कुपवाडला परत.

फोटो उशिरानं का होईना, निघाला. शेठ खूश. "मुंबईवाल्यांना आवडलंय. आता उजव्यालाही सुरू करा. पूर्ण चेहऱ्याचा फोटो पाहिजे त्यांना. मग कायम."

"उजवा न्हाई, शेठ."

"अहो, फुकट मिळतंय! लोक रांगा लावतील ह्याला."

"लावूद्या."

"मग मला दुसरी बाई बघावी लागेल. पॅकिंगला सुद्धा."

"बघा."

आईनं डबी टेबलावर ठेवली. मी मिक्सरवर होतो, क्रीम कोमट झालेलं, पावडर टाकायची वेळ. जागचं हलता येईना. खिडकीतनं बघितलं. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि ती कारखान्यांच्या रस्त्यानं चालली होती. पदर खांद्यावर. डोक्यावरनं घेतला नाही.