फ्रीजर खाली आहे

मित्रांनो, माझे दार फार वेळ उघडे ठेवू नका. मी झाशीतल्या एका प्रयोगशाळेतला जुना फ्रीजर आहे. तुमच्या घरचा फ्रीज दूध, भाजी सांभाळतो. मी उणे ऐंशी अंशांवर रक्ताचे नमुने सांभाळतो. ज्यांना एचआयव्हीची लागण आहे, त्या माणसांचे. कोणाला कोणते औषध किती वर्षे लागू पडते, हे त्यातून कळते.

मी कोणत्या कारखान्यात तयार झालो ते आता आठवत नाही. ट्रकमधून उतरलो तेव्हा अलकनंदाबाई दारात उभ्या होत्या, हे आठवते. संशोधन त्यांचे होते. सगळे त्यांना मॅडमजी म्हणत. त्या घरी मराठी बोलत, बाहेर हिंदी. माझ्या दारावरचे कागद मात्र सवयीने मराठीत लिहीत.

बरुआसागरहून एक बाई दर सहा महिन्यांनी बसने रक्त द्यायला यायची. दर वेळी विचारायची, "मैडमजी, हमाओ नाँव तो नईं लिखो?"

"नंबर लिखा है. नाम मेरे पेट में है."

"तबई तो मोटी हो रईं!" ती म्हणायची आणि दोघी हसायच्या.

असे सात वर्षांचे नमुने जमले. त्यांवर मॅडमजींची विद्यार्थिनी ऋचा काम करत होती. मग निधी थांबल्याचे पत्र आले. दोन संशोधक नोकरी शोधून निघून गेले. माझ्या दाराचे वरचे रबर सैल झाले होते, धोक्याची घंटा बिघडली होती, पण दुरुस्तीचा कागद तसाच परत आला. रोज दुपारी मॅडमजी ऋचाच्या शेजारी बसून तिच्याकडून शिष्यवृत्तीचा अर्ज लिहून घेत.

"'मी प्रयत्न करीन' कशाला लिहितेस? 'मी केलं' लिही."

"मॅडम, आता कोण देणार आहे?"

"मिळेपर्यंत मागायचं. लाजायचं काय त्यात?"

वरचा कप्पा नीट गार राहीना, म्हणून त्यांनी सगळे डबे खालच्या कप्प्यात हलवले आणि दारावर कागद लावला : 'ऋचाचे नमुने खाली.' त्यानंतर आठच दिवसांनी त्या गेल्या. हृदयविकार.

ऋचा शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी लखनौला गेली, तेव्हा रिकामी यंत्रे बंद करण्याचा हुकूम आला. प्रयोगशाळेतला शिपाई रामसेवक भैयाने वरचा कप्पा उघडला. आत नुसता बर्फ. त्याने कागद वाचला. "लो, लिखा भी है. खाली." त्याने माझी वायर काढली. माणूस वाईट नव्हता. जाताना त्याने मला फडक्याने पुसलेही.

उणे ऐंशी. उणे बहात्तर. उणे चौसष्ट. मला ओरडता येत नव्हते. सात वर्षे माझ्या पोटात वितळायला निघाली होती.

दुपारी दामोदरजी आले. मॅडमजींचे पती. त्यांना बायकोची शाल आणि चष्मा न्यायचा होता. माझ्या दारावरचे अक्षर पाहून ते थांबले. अक्षरावरून बोट फिरवताना त्यांना माझा विझलेला दिवा दिसला. मग म्हणाले, "रामसेवकजी, ये बंद क्यों है?"

"खाली है, साब. मैडमजी खुद लिख गईं."

"अरे भैया, ये मराठी में है! खाली माने नीचे!"

रामसेवक धावला. वायर लागली तेव्हा काटा उणे एकोणसाठवर होता. ऋचाने परत येऊन एकेक डबा तपासला. नमुने वाचले.

मित्रांनो, तरी माझी धास्ती गेलेली नाही. मुलाखतीचा निकाल आलेला नाही. मार्चमध्ये ऋचाची मुदत संपते; त्यानंतर ती इथे असेल की नाही, कोणालाच ठाऊक नाही. नवा फ्रीजर आणता येतो. सात वर्षांपूर्वीचे रक्त पुन्हा आणता येत नाही, आणि हे काम जाणणारी मुलगी एकदा दुसरीकडे गेली की तीही सहसा परत येत नाही. म्हणून काहीही बंद करण्याआधी आत काय आहे ते बघा, आणि ते कोण सांभाळते आहे तेही विचारा.

आज ऋचाने दुसरा अर्ज लिहायला घेतला आहे. दामोदरजींना त्यातले काही कळत नाही. ते शेजारी खुर्ची ओढून बसले आहेत. तुम्हीही कोणाच्या तरी शेजारी असे बसा.