तिसरा बार

मी मोण्णप्पांच्या घरातली जुनी रायफल बोलतेय. आमच्या जातीला बडबडीची सवय नसते. जे सांगायचं ते एका आवाजात सांगायचं आणि धूर विरायच्या आत गप्प व्हायचं. पण यंदा आमच्या कुळाच्या नेमबाजीच्या दिवशी माझ्यामुळे असा काही घोळ झाला, की तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म ईशापूरचा, कारखान्यातला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळी नळी, नेम धरायला टोकाशी लोखंडाचा एक खुंट आणि मागे एक खाच. बाकी काही नाही. मोण्णप्पांचे वडील फौजेतून निवृत्त होऊन कोडगूला, म्हणजे कूर्गला, परतले तेव्हा मला सोबत घेऊन आले. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर आडवं धरलं होतं. शेजारचा माणूस म्हणाला, ‘बायकोसाठी काय नेताय?’ तर ते म्हणाले, ‘हीच. आता तिनं हिच्याशी पटवून घ्यायचं.’

इथे बंदूक म्हणजे घरातलं माणूस. कैलपोळ्दूच्या, म्हणजे शस्त्रपूजेच्या, सणाला आम्हांला दिव्यापुढे उभं करतात, कळलावीची फुलं वाहतात, आणि पूजा झाल्यावर घरातली थोरली माणसं आम्हांला अशा हातांनी उचलतात, की कोणीही लाजून जावं. माणसांच्या पुष्कळ सवयी मला कळत नाहीत, पण ही सवय मला फार आवडते.

माझं खरं काम मात्र वेगळं. आमच्या दरीत मूल जन्मलं की एक बार काढतात. माणूस गेलं की लागोपाठ दोन. पूर्वी मुलगा झाला तरच बार काढत. मोण्णप्पांच्या मुलाला मुलगी झाली, बोजम्मा, तेव्हा मोण्णप्पांनी कोणाला न विचारता मला अंगणात नेलं आणि आभाळ दणाणून सोडलं. दरीतली माणसं मुलगा बघायला आली आणि मुलगी बघून, पोटभर जेवून गेली.

दरीला प्रत्येक घरच्या बंदुकीचा आवाज ओळखता येतो. माझा आवाज जाड. समोरच्या टेकडीवर आपटून परत येतो. म्हणून आमच्याकडे एक कडक नियम आहे. नेमबाजीच्या दिवशी जो मला हातात घेईल त्यानं मोजून तीन बार काढायचे. दोनवर थांबायचं नाही. दोनवर थांबलं की दरी रडायला लागते.

आता समोरच्या टेकडीची गोष्ट सांगायला हवी. तिथे कुट्टप्पा राहतात. कूळ वेगळं, पण मोण्णप्पांचे अगदी लंगोटीयार. शाळेत एका बाकावर, फौजेत एका पलटणीत, म्हातारपणी एकाच डॉक्टरचे पेशंट. आमच्या नेमबाजीला बाहेरच्या माणसाला बोलावत नाहीत, पण कुट्टप्पांना कधी कोणी बाहेरचं धरलंच नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या नेमबाजीत त्या दोघांत अखेरचा नारळ उरला. कापलेल्या भातशेतांपलीकडे, कुट्टप्पांच्या टेकडीच्या पायथ्याशी तांबड्या मुरमाची उंच भिंत आहे. तिच्यापुढे बांबूला नारळ टांगतात. इथून दीडशे पावलं. आधी मोण्णप्पांनी बार काढायचा, मग कुट्टप्पांनी. पण कुट्टप्पांनी रायफल खांद्याला लावलेली बघून मोण्णप्पा गडबडले. दोन बार जवळजवळ एकदमच झाले आणि नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या.

‘माझा!’ मोण्णप्पा म्हणाले.

‘तुझा? तू तर डोळे मिटले होतेस,’ कुट्टप्पा म्हणाले.

झालं. शब्दानं शब्द वाढला. कुट्टप्पा जेवायला न थांबता उठून गेले. पानावर वाढलेली पंदी करी तशीच राहिली. या दरीत कोणी डुकराच्या मांसाचं कालवण टाकून उठून जातं, म्हणजे ते भांडण साधं नसतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

खरं काय होतं ते मला ठाऊक होतं. मोण्णप्पांनी चाप हळू दाबला नव्हता, खस्सकन ओढला होता. माझी गोळी नारळाच्या डाव्या बाजूनं, वीतभर अंतरावरून जाऊन भिंतीत घुसली. नारळ कुट्टप्पांचा होता. आणि मोण्णप्पांनाही ते ठाऊक होतं. त्या रात्री मला पुसताना त्यांचा हात नळीवर नुसताच फिरत राहिला, तेलाचं फडकं तर दुसऱ्या हातात होतं. एकोणीस वर्षं हे मला सलत होतं. पण मी बोलणार कशी?

यंदा कॉफीची तोडणी संपली आणि कूळ जमलं. पन्नासेक माणसं. जुन्या बंदुका, नव्या बंदुका, शेतात सकाळपासून टपटप चाललेलं. बोजम्मा बंगळूरहून आली होती. चोवीस वर्षांची, तिथे नोकरी करते आणि क्लबात नेमबाजी करते. तिच्याबरोबर तिची नवी रायफल होती. दस्ता मागेपुढे करायला चाकं, गालाला टेकायला गादी, नेम धरायला बारीक छिद्र. आणि निशाण बघायला तीन पायांवरची एक दुर्बीण.

मी म्हटलं, आली नखरेल. पण त्या पोरीनं दहा गोळ्या झाडल्या आणि दहाही एका सुपारीएवढ्या जागेत घातल्या. मग मी माझे शब्द मागे घेतले. चांगलं काम कोणीही करो, बघायला गोडच वाटतं.

‘अज्जा, आता तुमची म्हातारी द्या,’ बोजम्मा म्हणाली.

‘म्हातारी कोणाला म्हणतेस?’ मोण्णप्पा खुर्चीतून ओरडले. गेल्या वर्षी म्हैसूरला त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांनी मला खांद्याला लावलेलं नाही. ‘खांदा निखळेल तुझा. हिला गादी-बिदी नाही.’

‘निखळला तर तुम्ही बसवा.’

बिस्किटांच्या जुन्या डब्यात माझी तीन काडतुसं उरली होती. मोण्णप्पांनी ती तिच्या हातावर ठेवली. ‘तीन आहेत, तीनही काढायची. लक्षात आहे ना?’

‘लहानपणापासून ऐकतेय, अज्जा.’

ती आडवी झाली. तिचा श्वास माझ्या दस्त्याला लागत होता. असा शांत श्वास मी फार वर्षांत अनुभवला नव्हता. श्वास थांबला, बोट हळूहळू मागे आलं आणि मी गरजले. पहिला नारळ फुटला. तिनं झटकन बोल्ट मागे ओढून दुसरं काडतूस चढवलं, पुन्हा श्वास, पुन्हा बोट. दुसरा फुटला. सगळं कूळ ओरडायला लागलं. ‘हात कोणाचा आहे बघा!’ मोण्णप्पा खुर्चीत उठून बसत म्हणाले.

तिसऱ्यांदा चाप ओढला आणि खट्ट आवाज झाला. बस, तेवढंच. काडतूस जुनं, सर्दावलेलं.

‘हलू नकोस!’ मोण्णप्पा कडाडले. ‘नळीचं तोंड भिंतीकडेच ठेव. सगळ्यांनी आपापल्या बंदुका खाली ठेवा. एकही बार नको!’

बरोबरच होतं. न उडालेलं काडतूस मागाहूनही उडू शकतं. शेतात चिडीचूप झालं. कोणीतरी लाल फडकं वर चढवलं. बऱ्याच वेळानं बोजम्मानं बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढलं, पाण्याच्या बादलीत टाकलं. एवढं झाल्यावर कोणाला पुन्हा हुरूप आला नाही. ‘चला, आधी जेवून घेऊ,’ असं म्हणून माणसं पानांवर बसली.

मला मात्र कळलं होतं. सकाळपासून टपटप चालू. मग माझा जाड आवाज, लागोपाठ दोनदा. आणि त्यानंतर सगळ्याच बंदुका बंद. दरीनं काय समजायचं?

अर्ध्या तासानं खालच्या घरची जीप आली. आतून पाच माणसं उतरली, पाचही पांढऱ्या कपड्यांत. बायकांचे डोळे सुजलेले. उतरल्या त्या थेट मोण्णप्पांची बायको चोंडव्वा हिच्या गळ्यात पडल्या.

‘कसं गं झालं एकाएकी? काल तर बाजारात दिसले होते!’

चोंडव्वाच्या हातात तांदळाच्या उकडलेल्या गोळ्यांची परात होती. ‘अगं बाई, दोनच झाले!’ ती ओरडली. ‘अहो, दोनच बार झाले! तुम्ही मेलात!’

‘मी? मी तर दुसऱ्यांदा वाढून घेतोय,’ मोण्णप्पा म्हणाले.

मग काय विचारता! हसता हसता लोकांना ठसका लागला. पण जीपमागून स्कूटर आली, स्कूटरमागून पायी माणसं. रस्त्यानं पांढऱ्या कपड्यांची रांगच लागली. मळ्यातून, दुकानातून, आंघोळ अर्धवट टाकून माणसं धावत आली होती. ज्यांच्याशी बांधावरून वाद होता तीही. मोण्णप्पा एकेकाला बघत होते आणि हळूहळू त्यांचं हसू मावळत गेलं. आपल्यासाठी कोण कोण धावत येतं हे माणसाला सहसा बघायला मिळत नाही.

‘तिसरा बार काढा कोणीतरी,’ चोंडव्वा म्हणाली, ‘नाहीतर मडिकेरीपासून लोक यायला लागतील.’ दरीत मोबाइल लागत नाही, माझाच आवाज काय तो पोचतो. पण माझं काडतूस कोणाकडेच नव्हतं.

‘अज्जा,’ बोजम्मा दुर्बिणीपाशी उभी होती. तिचा आवाज बदलला होता. ‘इकडे या. बघा.’

मोण्णप्पांनी दुर्बिणीला डोळा लावला. दूर, तांबड्या भिंतीच्या बाजूनं पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस शेतात उतरत होता. एका हातात काठी. उरलेल्या नारळाजवळ तो थांबला, बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा बांधावरून चालायला लागला. एकोणीस वर्षांनी मोण्णप्पांना तो चेहरा इतक्या जवळून दिसत होता.

‘कुट्टा रडतोय गं,’ मोण्णप्पा म्हणाले. डोळा दुर्बिणीवरून काढायलाही ते तयार नव्हते.

एवढा बांध तुडवत यायला कुट्टप्पांना बराच वेळ लागला. कोणी पुढे झालं नाही, कोणी हसलंही नाही. ते आले, पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीकडे बघितलं आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, ‘कुठे ठेवलाय त्याला?’

‘खुर्चीत ठेवलाय,’ मोण्णप्पा म्हणाले.

कुट्टप्पा गर्रकन वळले. मला वाटलं, आता खरोखरच कोणीतरी जाणार. त्यांनी मोण्णप्पांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग हातातली काठी उगारली.

‘हरामखोरा! जिवंत असून दोन बार काढतोस? अरे, टेकडी उतरताना दोनदा पडलो मी!’

‘लागलं का रे?’

‘लागू दे! तुझ्या बापाचं काय जातं!’ असं म्हणत त्यांनी काठी टाकली आणि मोण्णप्पांना अशी मिठी मारली, की खुर्ची कलंडायला आली. दोन्ही म्हातारे लहान मुलांसारखे रडत होते. चोंडव्वानं परात खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

मग कुट्टप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक काडतूस बाहेर काढलं. चकचकीत पुसलेलं. माझ्याच मापाचं.

‘माझी रायफल मुलानं नेली,’ ते म्हणाले. ‘हे एक ठेवून घेतलं होतं. तुझ्या सलामीला. म्हटलं, त्याच्याच रायफलीतून झाडू, नाहीतर मेल्यावरही तक्रार करील.’

मोण्णप्पा खुर्चीतून उठले. मग त्यांनी मला उचललं, बोल्ट उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि कुट्टप्पांच्या हातात दिलं. देताना ते त्यांच्या कानाशी वाकले. पुढचं बोलणं फक्त मी ऐकलं.

‘कुट्टा, तो नारळ तुझा होता.’

‘माहीत होतं मला.’

‘मग इतकी वर्षं कशाला?’

‘नारळाचं कोणाला पडलंय! तू कधी म्हणतोस, तेवढंच बघत होतो.’

माझ्या नळीतून कुठलंतरी अडकलेलं फडकं निघावं, तसं मला झालं.

तिसरा बार कुट्टप्पांनीच काढायचा असं ठरलं. शेत मोकळं आहे ना, ते बघून घेतलं. ते वाळूच्या पिशवीवर मला टेकवून बसले. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी माझ्या परीनं खूप सांभाळून घेतलं, पण शेवटी चाप त्यांनी खस्सकन ओढलाच.

मी गरजले. समोरच्या टेकडीवरून आवाज परत आला. दरीला कळलं, मोण्णप्पा आहेत. गोळी मात्र नारळाच्या डाव्या बाजूनं, वीतभर अंतरावरून जाऊन भिंतीत घुसली. एकोणीस वर्षांपूर्वी मोण्णप्पांची घुसली होती, अगदी तिच्या शेजारी.

मोण्णप्पांनी दुर्बिणीला डोळा लावला. ‘लागला!’ ते ओरडले. ‘कडेला लागला! हलताना मी डोळ्यांनी पाहिला!’

बोजम्मानं दुर्बिणीतून बघितलं. नारळ जसाच्या तसा होता. तिनं तोंड उघडलं, अज्जाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हो. लागलाय.’

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण या वेळी मला काही सलत नाही.

आता मी पुन्हा माझ्या जागी आहे, तेल लावून, पुसून. कुट्टप्पा दर रविवारी टेकडी उतरून येतात. तो नारळ अजून बांबूला टांगलेला आहे. कोणी काढत नाही. दोघं कॉफी पीत त्याच्याकडे बघतात आणि तो नेमका कुठल्या कडेला लागला यावरून भांडतात.

तुमच्याही समोरच्या टेकडीवर कोणी असेल, तर बाबांनो, दोन बारांची वाट बघू नका. आणि बोजम्मा, तुला एक सांगते. पुढल्या खेपेला माझी काडतुसं घेऊन ये. दोन कधीतरी लागणारच, ते मला ठाऊक आहे. पण त्याआधी हे दोन म्हातारे जेवढे नेम चुकवतील, तेवढी आण.